बडोद्याहून ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडेला: उतरल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

१६ सप्टेंबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियाचा ४६२ क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळू लागला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा आणि त्यासाठी सोडत. पहिल्या सोडतीत पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार जणांनी नावं टाकली होती, म्हणजे तुमचा नंबर लागला असेल तर नशीब जोरावर आहे. अर्ज कसा भरायचा हे सांगणारे एजंट सयाजीगंज-अलकापुरीत पावलोपावली आहेत. पण विमानातून उतरल्यावरच्या पाच-सहा आठवड्यांत कशामागून काय करायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. ओळखीतले जे तिकडे आहेत ते बहुतेक विद्यार्थी म्हणून गेलेले. त्यांना कॉलेज असतं, कॉलेजचं ऑफिस असतं, मुक्कामभराचा आरोग्य विमा आधीच भरलेला असतो. आपल्याला यातलं काहीच नसतं, म्हणून त्यांचा सल्ला अर्धाच लागू पडतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी फोन, मग टपालाचा पक्का पत्ता, मग बँक आणि टॅक्स नंबर, आणि त्यानंतर नोकरी. लोक नेमकं उलटं करतात. पहिल्याच दिवशी रेस्टॉरंटांची दारं ठोठावत सुटतात आणि महिनाभराने कागदांसाठी धावाधाव करतात.

१. निघण्याआधी: कागद आणि नावाचा घोळ

ही फाइल एक छापील आणि एक फोनमध्ये, अशी दोन्हीकडे ठेवा:

- पासपोर्ट आणि व्हिसा मंजुरीचं पत्र
- पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट. एम. एस. युनिव्हर्सिटीचे असाल तर बडोद्यात असतानाच जास्तीच्या प्रती काढा. तिथून आई-बाबांना खेपा घालायला लावणं बरं दिसत नाही.
- ड्रायव्हिंग लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना. हा आरटीओतून मिळतो आणि एक वर्ष चालतो.
- जुन्या कामाची इंग्रजी पत्रं, खाली साहेबांचा फोन आणि ईमेल असलेली
- नियमित औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. औषधं जास्तीत जास्त तीन महिन्यांची नेता येतात.
- ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर खात्यात असल्याचा पुरावा. विमानतळावर विचारतातच असं नाही, पण विचारू शकतात.

आता नावाबद्दल. गुजरातेत शाळेच्या दाखल्यापासून मार्कशीटपर्यंत आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टावर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि ‘गिव्हन नेम’मध्ये आपलं नाव अधिक वडिलांचं. तिकडच्या बँकेत एका प्रकारे, टॅक्स नंबरला दुसऱ्या प्रकारे आणि नोकरीच्या फॉर्मवर तिसऱ्याच प्रकारे नाव लिहिलं, की तीन माणसं तयार होतात आणि पुढे पैसे काढताना ती जुळत नाहीत. पासपोर्टावर जसं आहे तसंच, वडिलांच्या नावासकट, सगळीकडे उतरवा. सोबतचे लोक फक्त पहिल्या नावाने हाक मारतात, ते मारू द्या.

भारतातलं सिम बंद करू नका. इथल्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. सर्वांत स्वस्त रिचार्ज चालू ठेवा आणि निघण्याआधी रोमिंगवर मेसेज येतात का ते बघून घ्या.

२. बॅगेत काय भरायचं, काय घरी ठेवायचं

आईने केलेल्या खव्याच्या पोळ्या आणि पेढे घरीच खा. दूध-खव्याची मिठाई भारतातून नेता येत नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं, बी-बियाणं यांचंही तेच. कोरडी भाकरवडी, लीलो चेवडो असं पाकीटबंद फरसाण आणि मसाले न्यायचे असतील तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘खाद्यपदार्थ आहेत’ यावर खूण करा. खूण केली तर फार तर एखादं पाकीट काढून घेतात, दंड होत नाही. खूण न करता सापडलं तर दंड हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. पेढ्यांच्या एका डब्यासाठी हा जुगार खेळायचं कारण नाही.

तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला यासाठी बॅगेचं वजन वाया घालवू नका. सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये आणि मेलबर्नच्या डँडेनाँगमध्ये भारतीय दुकानांच्या रांगा आहेत. त्याऐवजी छोटा कुकर न्या आणि लोकरीचे कपडे न्या. जून ते ऑगस्ट तिकडे थंडी असते आणि मेलबर्नची घरं आतून किती गार असतात याची बडोदेकराला कल्पनाच येत नाही. दाब २३० व्होल्ट, म्हणजे आपली उपकरणं चालतात, फक्त पिन तिरकी असते. दोन अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या.

३. फोन

टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि व्होडाफोन ही तीन मोठी नेटवर्कं. शहरात कुठलंही चालतं, पण शेतावर किंवा आडगावात काम करायचा विचार असेल तर टेल्स्ट्राचं जाळं सर्वांत दूर पोचतं. ‘बूस्ट’चं प्रीपेड त्याच जाळ्यावर चालतं आणि स्वस्त पडतं.

इथे एक सापळा नवा आहे. २०२४ च्या अखेरीस तिकडचं ३जी बंद झालं. त्यानंतर, ज्या हँडसेटवरून ००० हा आपत्कालीन नंबर ४जीवरून लागत नाही, तो हँडसेट कंपन्यांना ब्लॉक करावा लागतो. भारतात घेतलेला फोन इंटरनेट मस्त चालवत असला तरी यात अडकू शकतो. सिम घातल्यावर ३४९८ या नंबरवर ‘३’ हा आकडा मेसेज करा, फोन चालेल की नाही त्याचं उत्तर येतं. ‘चालणार नाही’ असं आलं तर लगेच तिथलाच एखादा स्वस्त फोन घ्या, कारण पुढचं सगळं त्या नंबरवर अवलंबून आहे.

४. टपालाचा पत्ता

या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

तिकडे अजूनही महत्त्वाची गोष्ट साध्या टपालाने येते. टॅक्स फाइल नंबर येतो, बँकेचं कार्ड येतं. पोस्टमन दार वाजवत नाही, नाव विचारत नाही. पेटीवरचा नंबर बघतो, टाकतो आणि जातो. दांडिया बाजारात ‘अमुक वाड्यात, तमुक काकांच्या वरती’ एवढ्यावर पत्र पोचतं. तिकडे युनिटचा नंबर विसरलात तर पत्र चाळीस फ्लॅटांच्या सामायिक पेट्यांत हरवतं.

पहिले आठ-दहा दिवस बहुतेक जण बॅकपॅकर हॉस्टेलात राहतात, तेच बरं. पण हॉस्टेलचा पत्ता देण्याआधी काउंटरवर दोन गोष्टी विचारा: पाहुण्यांचं टपाल घेता का, आणि मी सोडून गेल्यावर किती दिवस ठेवता? बरीच हॉस्टेलं सरळ परत पाठवतात. माझ्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीचा टॅक्स नंबर असाच परत गेला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून फोन करत बसावं लागलं.

उपाय तीन. कुणी नातेवाईक, मित्राचा भाऊ, आत्याची जाऊबाई तिकडे पक्क्या घरात राहत असेल तर ‘फक्त टपालासाठी’ त्यांचा पत्ता मागा. राहायला जागा मागण्यापेक्षा ही मागणी फार हलकी आहे, सहसा कुणी नाही म्हणत नाही. दुसरा उपाय म्हणजे ऑस्ट्रेलिया पोस्टची ‘पोस्ट रेस्टांट’ सोय: ठरावीक पोस्ट ऑफिसात तुमच्या नावाचं टपाल ठेवून घेतात, पासपोर्ट दाखवून न्यायचं. तिसरा, आधी घर घ्यायचं आणि मग अर्ज करायचे, पण त्यात हातातले दिवस जातात. मला पहिला उपायच पटतो.

५. बँक

कॉमनवेल्थ, एएनझेड, वेस्टपॅक, नॅब यांपैकी कुठलीही चालेल, यावर फार डोकं लावू नका. खातं भारतातूनच ऑनलाइन उघडून ठेवता येतं आणि तिथे गेल्यावर शाखेत पासपोर्ट दाखवून चालू करायचं. सहा आठवड्यांच्या आत गेलात तर ओळखीसाठी नुसता पासपोर्ट पुरतो. उशीर केलात तर आणखी पुरावे मागतात, आणि नव्या माणसाकडे ते नसतातच. आयएफएससीच्या जागी तिकडे सहा आकडी ‘बीएसबी’ नंबर असतो. मासिक शुल्क नसलेलं खातं मागा, ते स्वतःहून सांगतीलच असं नाही.

६. टॅक्स फाइल नंबर

देशात पोचल्यावरच अर्ज करता येतो, ऑनलाइन, आणि तो पूर्णपणे फुकट आहे. सरकारी दिसणाऱ्या काही वेबसाइट यासाठी पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका. ऑस्ट्रेलियन टॅक्सेशन ऑफिस म्हणजे एटीओच्या साइटवरून जा. नंबर २८ दिवसांपर्यंत कधीही येतो, टपालानेच.

तोवर काम करता येतं का? येतं. नोकरी लागल्यावर नंबर मालकाला कळवायला २८ दिवस मिळतात. त्यानंतरही दिला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापतात. नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका. ‘आधी टीएफएन पाठवा, मग मुलाखत’ म्हणणारा माणूस नोकरी देणारा नसतो.

७. खोली

भाडं आठवड्याचं सांगतात. ‘३००’ वाचून स्वस्त वाटतं, त्याला महिन्याचं करून बघा. बाँड म्हणजे डिपॉझिट, साधारण चार आठवड्यांचं भाडं. खोली प्रत्यक्ष न बघता भारतातून एक डॉलरही पाठवू नका. घरमालक परदेशी आहे, किल्ली कुरियरने येईल, ही कथा ऐकलीत की फोन ठेवा.

रीतसर भाडेकरारात बाँड मालकाच्या खिशात राहत नाही, तो राज्य सरकारच्या बाँड खात्यात जमा होतो आणि तुम्हाला पावती मिळते. पण आपण बहुतेक कुणाच्या तरी भाड्याच्या घरातली एक खोली घेतो. तिथे मूळ भाडेकरूच रोख मागतो. अशा वेळी रक्कम, तारीख आणि ‘परत करण्याची अट’ निदान मेसेजवर लिहून घ्या आणि भिंती, गादी, गालिचा यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढा. आपलाच गुजराती किंवा मराठी माणूस आहे म्हणून हे सोडू नका. आपल्या माणसाकडे कागद मागायची लाज वाटते आणि नेमकी तिथेच फसगत होते.

आणि फोडणीची काळजी घ्या. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. प्रत्येक घरात, हॉस्टेलात स्मोक अलार्म असतो. मोठ्या इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि खोट्या अलार्मचा भुर्दंड राहणाऱ्याच्या माथी मारतात. एक्झॉस्ट लावा, स्वयंपाकघराचं दार बंद करा, खिडकी उघडा. कॉरिडॉरचं दार उघडून धूर बाहेर घालवायला जाऊ नका, तिथेच तर अलार्म असतो.

८. काम

सीव्ही दोन पानांत बसवा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, हे सगळं काढून टाका. त्याजागी काय काम येतं ते लिहा: कॉफी मशीन, कॅश काउंटर, फोर्कलिफ्ट. कॅफेत स्वतः जाऊन द्यायचा असेल तर सकाळी दहानंतर किंवा दुपारी तीनच्या सुमाराला जा. जेवणाच्या गर्दीत गेलात तर सीव्ही कचऱ्यात जातो. ऑनलाइन ‘सीक’ आणि ‘इंडीड’ बघा, शेतीच्या कामासाठी सरकारी ‘हार्वेस्ट ट्रेल’.

दारू जिथे वाढतात तिथे काम करायचं तर आरएसए प्रमाणपत्र लागतं आणि ते राज्याप्रमाणे बदलतं. बांधकामावर ‘व्हाइट कार्ड’. कुठल्या राज्यात राहणार हे ठरल्याशिवाय आरएसएवर पैसे घालू नका.

या व्हिसावर एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि शिक्षण चार महिन्यांपर्यंतच. काही क्षेत्रांना आणि भागांना सूट आहे. आपल्या अटी ‘व्हेवो’ या सरकारी सेवेवर स्वतः तपासा.

पगाराबद्दल स्पष्ट बोलते. १ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर होतं. कॅज्युअल कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१.१९. दर वर्षी १ जुलैला आकडा बदलतो, तुम्ही जाल तेव्हाचा बघून घ्या. यापेक्षा कमी, रोखीत, पावतीशिवाय देऊ करणारे मालक भेटतात, आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्यांत भारतीय रेस्टॉरंटवाले कमी नाहीत. ‘बेटा, शिकून घे, नंतर वाढवू’ हे वाक्य ऐकलं की समजायचं. आणखी ओळखीचे तीन सापळे:

पहिला, फुकट ट्रायल. दोन कप कॉफी करून दाखवणं ठीक आहे, अख्खी शिफ्ट फुकट करून घेणं बेकायदा आहे. दुसरा, ‘एबीएन काढ, मग काम देतो’. एबीएन म्हणजे धंद्याचा नोंदणी नंबर, म्हणजे तुम्ही स्वतः धंदेवाले. मग किमान वेतन नाही, सुपर म्हणजे निवृत्ती निधी नाही, कर तुमचा तुम्ही भरायचा. टेबलं पुसायला एबीएन लागत नाही. तिसरा शेतावरचा: पेटीमागे पैसे. २८ एप्रिल २०२२ पासून फळबागांत पेटीमागे काम असलं तरी तासाच्या किमान दराची हमी आहे, म्हणून रोजचे तास स्वतःच्या वहीत लिहा.

पगाराची स्लिप पगारानंतर एका कामाच्या दिवसात मिळायला हवी. नाही मिळाली, कमी मिळाली, तर फेअर वर्क ओम्बड्समनला १३ १३ ९४ वर फोन करा. मालक ‘तुझा व्हिसा रद्द करतो’ म्हणेल. त्याला तो अधिकार नाही.

९. कर आणि सुपर

नोकरीच्या पहिल्या फॉर्मवर ‘वर्किंग हॉलिडे मेकर’ या रकान्यात खूण करा. मालक एटीओकडे तसा नोंदलेला असेल तर ४५,००० डॉलरपर्यंत सपाट १५ टक्के कर कापतो. नोंदलेला नसेल तर ३० टक्के. म्हणून मुलाखतीतच विचारा. आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून, रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत, आणि ते ऑनलाइन स्वतः भरता येतं.

पगाराशिवाय मालक १२ टक्के ‘सुपर’ म्हणजे निवृत्ती निधीत भरतो. देश सोडल्यावर ते पैसे मागता येतात, पण आपल्या व्हिसावर ६५ टक्के कर कापून. शंभरातले पस्तीस. तरी सोडायचे कशाला? प्रत्येक नव्या नोकरीत तोच जुना सुपर फंड द्या, नाहीतर चार फंड चार ठिकाणी फी खात बसतात.

१०. आजारपण

भारताचा तिकडच्या मेडिकेअरशी करार नाही, म्हणून सरकारी उपचार फुकट नाहीत. व्हिसा मिळवायला विमा बंधनकारक नसला तरी विम्याशिवाय जाऊ नका. ट्रॅव्हल पॉलिसी घेतलीत तर त्यात शेतावरचं किंवा मशीनवरचं काम धरलंय का ते वाचा, पुष्कळ पॉलिसीत नसतं. पोलीस, अँब्युलन्स, आग, तिन्हींना ०००.

११. रोजचं जगणं

सिडनीत बस-ट्रेनला आपलं बँक कार्डच टेकवता येतं. मेलबर्नच्या मध्यभागात ट्राम फुकट. क्वीन्सलंडमध्ये शहरी बस-ट्रेनला ५० सेंट. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. रिकाम्या कॅन-बाटल्या मशीनमध्ये टाकल्या की १० सेंट मिळतात. बहुतेक दुकानं पाच-साडेपाचला बंद होतात, हे पचायला वेळ लागतो. रात्री नऊला मंगळबाजारात चक्कर मारायची सवय असलेल्याला तर फारच.

गाडी डावीकडूनच, पण न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात सहा महिन्यांनी आपलं लायसन्स चालत नाही, स्थानिक काढावं लागतं. गावाकडे संध्याकाळनंतर गाडी चालवणं टाळा, कांगारू खरोखरच आडवे येतात.

सिडनी आणि मेलबर्नला मराठी मंडळं आहेत, गुजराती समाजही आहेत. बडोदेकराला दोन्ही दारं उघडी: भाद्रपदात गणपतीला जा, अश्विनात गरब्याला. खोली आणि काम दोन्ही तिथल्या ओळखीतून मिळतात. फक्त सगळे दिवस तिथेच घालवू नका, नाहीतर वर्षभर हिंदीत बोलून परत याल.

१२. दुसरं वर्ष हवं असेल तर

पहिल्याच महिन्यात ठरवा. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाला सोडत नाही, पण तीन महिने ठरावीक प्रकारचं काम ठरावीक भागात केलेलं असावं लागतं. इंटरनेटवरचा निम्मा सल्ला ४१७ या दुसऱ्या वर्किंग हॉलिडे व्हिसावाल्या युरोपियनांचा असतो आणि त्यांची यादी वेगळी आहे. आपल्या ४६२ च्या यादीत केर्न्स, डार्विनसारख्या उत्तरेकडच्या भागातलं हॉटेल-पर्यटनाचं काम धरतात, सिडनीतलं नाही. काम घेण्याआधी त्या जागेचा पिनकोड गृहखात्याच्या यादीत शोधा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. पगाराच्या स्लिपा, बँकेची विवरणपत्रं, मालकाचा एबीएन, सगळं एका फोल्डरमध्ये साठवत चला.

परत निघताना तिकडचं बँक खातं आणि सिम लगेच बंद करू नका. सुपरचे पैसे आणि कराचा परतावा त्याच खात्यात येतो, आणि ‘मायगव्ह’ या सरकारी ऑनलाइन खात्यात शिरायचा कोड त्याच नंबरवर.